दीड मीटरचे हेल्मेट आणि साडेतीन मीटरची लेन

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ पंचेचाळिशीचे आहेत, कोथरूडहून शिवाजीनगरला रोज स्कूटरने कार्यालयात जातात आणि आता सायकलने जावे असे त्यांच्या मनात आहे. घरच्यांनी हेल्मेटची अट घातली आहे. एका मित्राने सांगितले की हेल्मेट घातलेल्या सायकलस्वाराच्या अधिक जवळून गाड्या जातात हे इंग्लंडमध्ये सिद्ध झाले आहे, आणि ॲमस्टरडॅममध्ये तर ते कुणीच घालत नाही. दुसऱ्याचे म्हणणे असे की पुण्यात मोटारवाले मुजोर आणि सायकलवाले बेशिस्त, तेव्हा डोक्यावर काही ठेवून काय उपयोग? शेवटी त्यांनी नऊ वर्षांच्या मुलीच्या हेल्मेटबद्दलही विचारले आहे.

मी गेली २६ वर्षे रस्त्यांच्या सुरक्षा तपासणीचे काम करतो. अपघात झालेल्या जागी जाऊन मोजमापे घेणे, चौकाची आखणी तपासणे आणि बहुतेकदा कुणी न वाचणारा अहवाल लिहिणे, हा माझा व्यवसाय आहे. कामावर सायकलने जातो, आठवड्यातून एक-दोनदा मोटारही चालवतो. त्यामुळे वरच्या दोन्ही शिव्या मला लागू होतात.

सरळ उत्तर आधी देतो. हेल्मेट घ्यावे आणि रोज घालावे. मात्र ते कोणत्या अपघातासाठी बनवलेले आहे हे नीट समजून घ्यावे, कारण त्याच्याकडून नको ती अपेक्षा ठेवणारे आणि त्याला निरुपयोगी ठरवणारे, असे दोन्ही पक्ष ते कसे काम करते हे न पाहताच भांडत असतात.

हेल्मेट हातात घेऊन आतून पाहावे. वरचे रंगीत कवच पातळ प्लास्टिकचे असते. आतला भाग एकसंध ठेवणे आणि डोके रस्त्यावर घासत जाताना ते कुठे अडकू न देणे, एवढेच त्याचे काम. खरी जबाबदारी आतल्या फेसाळ थरावर असते, आणि हा थर म्हणजे गणपतीच्या मखरासाठी आपण वर्षानुवर्षे कापत आलो तो थर्माकोलच, फक्त अधिक घट्ट आणि अधिक नेमकेपणाने घडवलेला. डोके आदळले की तो चिरडतो आणि चिरडताना डोक्याला थांबण्यासाठी थोडे अंतर देतो. हे ‘थोडे अंतर’ किती मोलाचे असते ते आकड्यांतच कळते. डोके दीड मीटर उंचीवरून खाली आले तर जमिनीशी पोहोचताना त्याचा वेग ताशी साधारण १९.५ किलोमीटर असतो. उघडे डोके काँक्रीटवर आपटून दोन मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्या क्षणी त्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी ७५० पट मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, येते. तेच डोके थर्माकोल चिरडत दोन सेंटिमीटरमध्ये थांबले, तर हा आकडा ७५ वर येतो. कमाल मूल्य सरासरीपेक्षा बरेच जास्त असते, हे खरे. पण एकाच उंचीवरून पडलेले दोघेजण, एक उठून कपडे झटकतो आणि दुसरा अतिदक्षता विभागात जातो, यामागे बहुतेकदा हा दीड-दोन सेंटिमीटरचा हिशेब असतो.

युरोपातील ईएन १०७८ या मानकातील सपाट पृष्ठभागावरची चाचणी जवळपास याच वेगाला होते, आणि नकली डोक्यावरील मंदन गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या आत राहावे लागते. अमेरिकेत १९९९ पासून लागू असलेल्या सीपीएससी मानकात दोन मीटर उंचीवरून हेल्मेट टाकतात आणि मर्यादा ३०० पटींची आहे. दोन्हींचा अर्थ एकच. सायकलचे हेल्मेट हे माणसाच्या स्वतःच्या उंचीवरून पडण्यासाठी बनवलेले आहे.

यातून लोकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट निघते. सायकल ताशी ३० किलोमीटर वेगाने धावत असली आणि पावसात पुढचे चाक ड्रेनेजच्या झाकणावरून सटकले, तरी सपाट रस्त्यावर डोके ज्या वेगाने खाली आपटते तो वेग मुख्यतः उंचीमुळे येतो, पुढे जाण्याच्या गतीमुळे नव्हे. पुढची गती घसरण्यात, खरचटण्यात आणि डोके गरकन फिरण्यात खर्च होते. म्हणजे अशा पडण्यात हेल्मेट आपल्या क्षमतेच्या आतच काम करत असते. पण तीच सायकल खांबावर आदळली, किंवा ताशी ६० किलोमीटर वेगाने येणाऱ्या मोटारीने मागून धडक दिली, तर गणित बदलते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी २० किलोमीटरच्या तुलनेत ४० ला ती चौपट होते आणि ६० ला नऊपट. दोन सेंटिमीटर थर्माकोल नऊपट ऊर्जा गिळू शकत नाही. छाती, ओटीपोट आणि पाय यांच्यासाठी तर तो नाहीच.

अभ्यास काय सांगतात? २०१६ मध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील संशोधकांनी ४० अभ्यास एकत्र करून ६४,००० हून अधिक जखमी सायकलस्वारांची माहिती तपासली. हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याला गंभीर दुखापत होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी आढळली. अशा अभ्यासांची एक मर्यादा असते. हेल्मेट घालणारा माणूस इतर बाबतींतही अधिक जपून चालवत असेल, दिवसाउजेडी चालवत असेल, बऱ्या रस्त्यांवर चालवत असेल, आणि या फरकाचे श्रेय नकळत हेल्मेटला जात असेल. मी ६९ हा आकडा जसाच्या तसा घेत नाही. पण तो निम्मा केला तरी काही हजार रुपयांच्या वस्तूसाठी तो पुष्कळ आहे.

आता ॲमस्टरडॅमबद्दल. तेथे बहुतेक लोक हेल्मेट घालत नाहीत, हे मित्राचे म्हणणे खरे आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीच्या नावाचा अर्थच ‘मुलांच्या हत्या थांबवा’ असा होता. त्यापाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले. पुढच्या काही दशकांत या देशाने वस्त्यांतील वेग उतरवला, जिथे वेग उतरवता येत नव्हता तिथे सायकलींचा मार्ग वेगळा केला आणि चौकांची आखणी बदलली. ॲमस्टरडॅमच्या बाईंना हेल्मेट लागत नाही ते त्यांचे डोके कणखर म्हणून नव्हे. त्यांच्या शेजारून ताशी ६० ने जाणारा डंपरच तेथे नसतो. आणि तेथेही चित्र बदलते आहे. २०२२ मध्ये त्या देशात सुमारे २९० सायकलस्वार मरण पावले आणि त्यांत वयस्कर माणसे फार होती, अनेक जण विजेवर चालणाऱ्या सायकलींवर होते. आता तेथील डॉक्टरच हेल्मेट घाला म्हणून सांगू लागले आहेत.

दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलिया आहे. व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० रोजी प्रत्येक सायकलस्वाराला हेल्मेट सक्तीचे केले, आणि असे करणारे ते जगातले पहिले राज्य ठरले. मेलबर्नमध्ये शिकायला गेलेली आपली मराठी मुले पहिल्याच आठवड्यात हा नियम दंडाच्या पावतीतून शिकतात. सक्तीनंतर डोक्याच्या दुखापती घटल्या; पण लगेचच्या मोजणीत सायकल चालवणारी किशोरवयीन मुलेही लक्षणीय घटली. मग दुखापती कमी झाल्या त्या हेल्मेटमुळे की सायकलीच कमी झाल्या म्हणून, यावर तीन दशके वाद चालू आहे. मेलबर्नची सार्वजनिक भाडे-सायकल योजना २०१० मध्ये सुरू झाली. दुकानांतून स्वस्त हेल्मेट विकण्याची सोय करूनही ती रडतखडत चालली आणि २०१९ मध्ये बंद पडली. मेक्सिको सिटीने मात्र आपल्या योजनेसाठी हेल्मेटची सक्तीच २०१० मध्ये काढून टाकली. म्हणून मी हेल्मेटचा पुरस्कार करतो, सक्तीचा करत नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मोटारसायकल आणि स्कूटरसाठी आहे, सायकल त्यात येत नाही, आणि ती तशीच बाहेर राहावी असे माझे मत आहे. पुण्यात स्कूटरच्या हेल्मेटवरून किती मोर्चे निघाले आणि किती वर्षे निघाले हे आपण जाणताच. तो विरोध मला कधीच पटला नाही, कारण स्कूटरचा वेग आणि सायकलचा वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मित्राने सांगितलेला इंग्लंडचा अभ्यास बाथ विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर यांचा आहे. २००६ मध्ये त्यांनी आपल्या सायकलला अंतर मोजणारे यंत्र लावले, कधी हेल्मेट घालून तर कधी न घालता ब्रिस्टल आणि सॅलिसबरीच्या रस्त्यांवर फिरले आणि त्यांना ओलांडून गेलेल्या सुमारे अडीच हजार गाड्यांचे अंतर नोंदवले. हेल्मेट असताना गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्या. काही फेऱ्या त्यांनी लांब केसांचा टोप घालून केल्या. पाठमोरी बाई आहे असे वाटून चालकांनी अधिक अंतर ठेवले. याच प्रयोगात त्यांना एकदा बसने आणि एकदा ट्रकने धक्का दिला, आणि दोन्ही वेळा त्यांनी हेल्मेट घातलेले होते. गोष्ट एवढी चटकदार आहे की ती जगभर पसरली यात नवल नाही.

त्यापुढचा भाग मात्र फारसा पसरला नाही. २०१३ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हीच आकडेवारी पुन्हा तपासली. एक मीटरच्या आतून जाणाऱ्या, म्हणजे खरोखर धोकादायक अशा ओलांडण्यांपुरते पाहिले तर हेल्मेटचा ठळक संबंध दिसत नाही, असे त्यांना आढळले. वॉकर यांना ते मान्य झाले नाही आणि वाद पुढे चालू राहिला. मला या वादापेक्षा वॉकर यांचाच नंतरचा एक प्रयोग अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात सायकलस्वार सात वेगवेगळे पोशाख घालून फिरला. शर्यतीचे कपडे झाले, चमकदार जाकीट झाले, नवशिका असल्याची पाटी लावूनही झाली, पण अंतरात जवळजवळ फरक पडला नाही. पोलिसांचा उल्लेख असलेल्या जाकिटाने काही सेंटिमीटर मिळवून दिले, इतकेच. आणि कोणताही पोशाख असला तरी शंभरातल्या एक-दोन गाड्या ५० सेंटिमीटरच्या आतून गेल्याच. सायकलस्वाराने आपल्या अंगावर काय चढवावे या चर्चेला यापेक्षा नेमके उत्तर मला माहीत नाही.

मग त्या एक-दोन गाड्या जवळून का जातात? येथे ‘मोटारवाले मुजोर’ हे उत्तर सोयीचे आहे. पण आधी फूटपट्टी काढून पाहावी. आपल्याकडे लेनची प्रमाणित रुंदी साडेतीन मीटर. बस किंवा ट्रक सुमारे २.६ मीटर रुंद. सायकलस्वाराला, थोडे डुलणे धरून, पाऊण ते एक मीटर लागतो. मध्ये एक मीटर मोकळी जागा हवी असेल तर बेरीज साडेचार मीटरच्या आसपास जाते. म्हणजे बसचालक साधुपुरुष असला तरी त्याच लेनमध्ये राहून तो आपल्याला सुरक्षितपणे ओलांडू शकत नाही. त्याला मागे थांबावे लागेल किंवा शेजारच्या लेनमध्ये जावे लागेल. शेजारची लेन भरलेली असते आणि मागून हॉर्न वाजत असतात, तेव्हा तो तिसरा मार्ग निवडतो आणि घासून जातो. कडेला मोटारी उभ्या असतील तर उरलेली रुंदी आणखी आक्रसते. मी तपासलेल्या रस्त्यांवर जेथे जेथे ‘येथे बसवाले दाबतात’ अशी तक्रार होती, तेथे टेप लावल्यावर बहुधा हेच निघाले. त्याच मार्गावरचा तोच चालक पुढच्या रुंद भागात व्यवस्थित अंतर ठेवून जातो. स्वभाव पाचशे मीटरमध्ये बदलत नसतो, रुंदी बदलते.

दुसऱ्या मित्राच्या म्हणण्याकडे येतो. रस्त्यावरील माणसांच्या जाती पाडण्याची खोड जगभर आहे. ऑस्ट्रेलियात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोकांना वानरापासून किंवा किड्यापासून माणसापर्यंतच्या पट्टीवर सायकलस्वार कुठे बसतात ते दाखवायला सांगितले. सायकल न चालवणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांनी सायकलस्वाराला पूर्ण माणसाच्या खालची जागा दिली. ज्यांनी अधिक खालची जागा दिली, त्यांनी मुद्दाम अडवणे, अंगावर गाडी घालणे अशा गोष्टी केल्याचे अधिक प्रमाणात कबूल केले. २०२३ मध्ये तेथील दुसऱ्या संशोधकांनी चित्रे दाखवून विचारले, तेव्हा हेल्मेट घातलेला आणि त्याहूनही चमकदार जाकीट घातलेला सायकलस्वार लोकांना ‘कमी माणूस’ वाटला. साधने चढवली की समोर उरतो तो एक ‘सायकलवाला’. आपल्या प्रश्नातले दोन्ही मित्र येथे एकत्र येतात, असे म्हणायला हरकत नाही.

पुण्यात या जातींना वर्गाचाही रंग आहे. हे एके काळचे सायकलींचे शहर. आज येथे दोन प्रकारचे सायकलस्वार दिसतात आणि त्यांच्याबद्दलचे ग्रहही वेगवेगळे आहेत. रविवारी पहाटे रंगीत जर्सी घालून सिंहगडाकडे जाणारा तो ‘हौशी, रस्ता अडवणारा’. रात्रपाळी संपवून काळ्या दांडीच्या सायकलवर डबा लटकवून घरी जाणारा सुरक्षारक्षक किंवा बांधकाम मजूर तो ‘अडाणी, कुठूनही घुसणारा’. हेल्मेटची सगळी चर्चा पहिल्याबद्दल होते. अपघातस्थळी मला ज्याची वाकलेली सायकल पाहावी लागते तो बहुतेकदा दुसरा असतो. शहराबाहेरचा रस्ता, अंधार, सायकलला मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर मातीने माखलेला आणि मागून भरधाव वाहन. त्या धडकेत हेल्मेट फारसे काही करू शकले नसते. चाळीस-पन्नास रुपयांची चमकपट्टी कदाचित करू शकली असती, आणि रस्त्याला कडेचा पक्का पट्टा असता तर नक्कीच करू शकला असता.

बेशिस्तीचेही तसेच. सायकलवाले उलट्या दिशेने येतात, ही तक्रार खरी आहे. मी त्यांचे समर्थन करत नाही, कारण चौकात वळणारा चालक त्या दिशेला पाहतच नाही. पण फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता ही एकदिशा जोडी पाहा, किंवा दुभाजकामुळे समोरच्या दुकानात जायला सहाशे मीटर पुढे जाऊन वळून यावे लागणारा कोणताही नवा रस्ता पाहा. मोटारीला हा फेरा दीड मिनिटाचा असतो आणि तो पाय दुखवत नाही. तोच फेरा सायकलवाल्याला घामाचा पडतो. डेन्मार्कमध्ये कॅमेरे लावून चौकांतील सायकलस्वारांची पाहणी केली, तेव्हा जेथे सायकल मार्ग होता तेथे सुमारे ५ टक्के सायकलस्वारांनी नियम मोडला आणि जेथे नव्हता तेथे १४ टक्क्यांनी. माणसे डॅनिशच. पुण्यात २००६ पासून बीआरटीसोबत, म्हणजे बससाठी राखलेल्या मार्गिकांसोबत, बांधलेल्या सायकल मार्गांवरून कुणी जात नाही म्हणून सायकलस्वारांना दोष देणाऱ्यांनी त्या मार्गांवरून एकदा जाऊन यावे. दर फाटकापाशी उतार-चढाव, मध्येच खांब, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि शेवटी लावलेल्या स्कूटर.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगणे येथे भाग आहे. २०११ च्या पावसाळ्यात, संध्याकाळी, मी मोटारीने एका चौकात डावीकडे वळत होतो. आरसा पाहिला असे मला आजही वाटते. पुढच्या काचेचा जाड खांब, पावसाने धुरकटलेली डावी काच आणि माझी घाई, या तिघांच्या मागे एक पेपर टाकणारा पोरगा सायकलवर होता. त्याने ब्रेक दाबला, हात माझ्या बॉनेटवर टेकवला आणि तो पडला नाही. ‘साहेब, इंडिकेटर दिलाच नाही,’ एवढेच तो म्हणाला. मी रोज सायकल चालवणारा माणूस. सायकलस्वारांच्या सुरक्षेवर त्याच महिन्यात एक अहवाल देऊन आलो होतो. तेव्हापासून ‘मोटारवाले’ असा शब्द लिहिताना माझा हात थोडा अडखळतो.

ट्रकच्या बाबतीत हीच चूक जीवघेणी होते. उंच केबिनमधल्या चालकाला डाव्या दाराच्या लगतची जागा थेट दिसत नाही, आणि वळताना मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून जातात. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे सरकलेला सायकलस्वार पुढे जागा आहे असे समजतो. ट्रक वळू लागला की तीच जागा मिटते. लंडनने अवजड वाहनांना चालकाची थेट दृष्टी किती आहे यावर गुण देणारी परवाना पद्धत लागू केली ती अशाच मृत्यूंमुळे. यात मुजोरी नाही, बेशिस्तीही नाही, आणि हेल्मेटचाही काही संबंध नाही. म्हणून कितीही उशीर होत असो, बस, ट्रक, काँक्रीट मिक्सर यांच्या डावीकडून पुढे जायचे नाही; मागे, आरशात चालकाचा चेहरा दिसेल अशा जागी थांबायचे. आपला चेहरा त्याला दिसतो की नाही याची तीच खूण.

नेदरलँड्सच्या कायद्यात मला आवडणारी एक तरतूद आहे. मोटार आणि सायकल यांची धडक झाली तर भरपाईची जबाबदारी मुळात मोटारीच्या बाजूची धरतात. सायकलस्वार चौदा वर्षांखालील असेल तर जवळजवळ पूर्ण, मोठा असेल आणि त्याची चूक असली तरी सर्वसाधारणपणे निम्मी. कोण सज्जन आणि कोण दुर्जन, हा प्रश्न तेथे येत नाही. जो जड वाहन घेऊन आला त्याचा विमा पैसे देतो. आपल्याकडेही अशी छोटी सोय आहे आणि ती सायकलस्वारांना माहीत नसते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये भरपाई मागता येते. वाहन पळून गेले असेल तर कलम १६१ खाली अनुक्रमे २ लाख आणि ५० हजार रुपये. आपल्या इमारतीच्या रखवालदाराला हे एकदा सांगून ठेवावे.

आता आपल्या मार्गाबद्दल. पहिला आठवडा स्कूटरच्या सवयीने चालवू नका. स्कूटरचा जवळचा रस्ता आणि सायकलचा बरा रस्ता बहुधा वेगळे असतात; कोथरूडच्या आतल्या गल्ल्यांतून पाच मिनिटे जास्त लागली तरी मोठे रस्ते जितके टाळता येतील तितके टाळा. एखाद्या रविवारी सकाळी संपूर्ण मार्ग सायकलने जाऊन लेन कुठे अरुंद होते, बस कुठे थांबतात आणि कोणत्या चौकात डावे वळण जास्त आहे ते पाहून ठेवा. अरुंद लेनमध्ये कडेला चिकटू नका. दोन बोटे अंतर राखून मागच्याला ‘जमेल’ असे वाटू देण्यापेक्षा लेनच्या मध्याजवळ राहिलेले बरे, तो थांबेल किंवा नीट बाजूने जाईल. हॉर्न वाजेल, वाजू द्या. उभ्या मोटारींपासून दाराच्या रुंदीइतके, म्हणजे मीटरभर, दूर राहा. आपण स्वतः मोटारीत असाल तेव्हा दार दाराच्या बाजूच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडा. चालकाच्या जागेवरून डाव्या हाताने. त्यामुळे खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारा दिसतो. पावसात लोखंडी झाकणे, रंगवलेले झेब्रा पट्टे आणि मेट्रोच्या कामावरचे पत्रे सरळ चाकाने आणि ब्रेक न दाबता ओलांडा. मागचा लाल दिवा दिवसाही लावा.

हेल्मेट घेताना आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी असा शिक्का पाहा. किमतीपेक्षा माप महत्त्वाचे असते. डोक्याचा घेर टेपने सेंटिमीटरमध्ये मोजून न्या. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे, कपाळावर आडवे बसले पाहिजे. पुण्यात निम्मी हेल्मेटे टोपीसारखी मागे सरकवलेली दिसतात, ती पडताना कपाळ उघडे सोडतात. कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही व्हावा आणि हनुवटीखाली एक-दोन बोटे जावीत, अधिक नाही. डोके तिरके आदळल्यावर मेंदूला बसणारा पीळ कमी करण्यासाठी आतून सरकणारा थर असलेली हेल्मेटेही मिळतात. परवडत असेल तर घ्या, नसेल तर साधे पण मापाचे घ्या. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट वरून ठणठणीत दिसले तरी टाकून द्या, आतला थर एकदाच चिरडण्यासाठी असतो. स्कूटरचे हेल्मेट सायकलवर वापरू नका. ते वेगळ्या कामासाठी आहे, जड आहे, आणि चढावर आठवड्याभरात आपण ते घरी ठेवू लागाल.

मुलीसाठी हेल्मेट अवश्य घ्या, आजच्या मापाचे. ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठे घेऊ नका. रंग तिला निवडू द्या, म्हणजे ती घालेल. मात्र तिला एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकवा. सायकल उभी करून बागेत घसरगुंडीवर, शिडीवर किंवा झाडावर चढण्याआधी हेल्मेट काढून हँडलला अडकवायचे. अंग निसटून जाईल एवढ्या फटीत हेल्मेट अडकते आणि हनुवटीखालचा पट्टा गळ्याला फास लावतो. असे अपघात झालेले आहेत, आणि म्हणूनच लहान मुलांसाठी ओढ बसताच आपोआप सुटणाऱ्या बकलचे वेगळे मानकही युरोपात आहे.